डोंग्याच्या काठाची फळी

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी फळी आहे. आता दोन फूट उरले आहे. पूर्वी पुष्कळ लांब होते. आयुष्यात तीनदा माझ्यावर करवत चालली. खरं सांगायचं तर आता मी दमले आहे. तरीही माझी गोष्ट तुम्हाला सांगते, कारण उद्या तुमच्यापैकी कुणीतरी अशीच एखादी फळी हातात घेईल.

माझं झाड कुठल्या जंगलातलं होतं, हे मला आठवत नाही. आठवतो तो पवनीचा सुतार. वैनगंगेच्या काठी त्याचं काम चाले. त्यानं फळ्या वाकवल्या, खिळ्यांनी जोडल्या, फटींत डांबर भरलं आणि एक डोंगा, म्हणजे छोटी नाव, तयार केला. मला त्यानं उजव्या काठाला बसवलं. मग ट्रकवर चढून आम्ही साकोलीकडच्या एका तलावाकाठच्या गावात आलो. तिथं आमचा धनी होता मंगरू. तेव्हा तो तरणाबांड होता. डोंगा पाण्यात सोडण्याआधी त्याच्या बायकोनं, शकुननं, माझ्यावर हळदीची पाच बोटं उठवली. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

सत्तावीस वर्षं मी पाण्यात काढली. मंगरू नेहमी एकाच जागी बसे आणि जाळ्याची दोरी माझ्यावर टेकवून ओढे. जाळं जड असलं की दोरी सरके. तशा माझ्या काठावर एकाशेजारी एक चार खाचा पडल्या. ओढून दमला की तो उजव्या हाताची चार बोटं त्या चार खाचांत रोवून बसे आणि पाण्याकडे बघत राही. पुन्हा जाळं टाकलं की आम्ही दोघंही वाट पाहत असू.

मंगरूला एकच नाद होता. साकोलीच्या बसस्टँडजवळ एका दुकानात व्हिडिओ गेमची उंच उभी पेटी होती. बाजारात मासे विकून झाले की बस येईपर्यंत तो त्या पेटीशी उभा राही. दुसऱ्या दिवशी डोंग्यात बसून शकुनला सगळं रंगवून सांगे. ती जाळं निवडता निवडता म्हणे, "तुमच्या अंगाले मासोळीचा वास येते. तो दुकानवाला तुमाले उभं तरी कसा करते?"

मग एका उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला. डोंगा चिखलात उघडा पडला, उन्हानं तडकला. मंगरूनं पत्र्याची नाव घेतली. आमच्या तळाच्या फळ्या चुलीत गेल्या. मला अर्धं कापून बकऱ्यांच्या गोठ्यात, चाऱ्याखाली घातलं. सहा वर्षं मी तिथं पडून होते. कुणी विचारलं नाही याचं फार दुःख झालं असं म्हणणार नाही. पाण्यात इतकी वर्षं काढल्यावर कोरडं पडून राहणंही बरं वाटत होतं.

गेल्या वर्षी मंगरूला लकवा झाला. तो वाचला, पण पाय लटपटू लागले आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं की बोटं रोज हलवली नाहीत तर ती कायमची आखडतील. आत्ताचे काही महिनेच महत्त्वाचे आहेत. हातात दाबायला त्यांनी रबरी चेंडू दिला. मंगरूनं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी बकऱ्यांकडे फेकून दिला. तो माझ्या शेजारीच येऊन पडला. त्यानंतर मंगरूनं खाटसुद्धा तलावाकडे पाठ करून टाकायला लावली.

त्याची लेक खुशी साकोलीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. बापाच्या बोटांसाठी घरीच गेमची पेटी करायची, असं तिनं मनावर घेतलं. एक जुना मॉनिटर तिच्याकडे होता, बटणं आणि गेमची दांडी तिनं पोस्टानं मागवली. पण लाकडातलं तिला काहीही येत नव्हतं. रंधा कुठल्या बाजूनं धरतात इथपासून तयारी.

गावचा गोपीचंद मिस्त्री तिला अंगणात बसून समजावत असे, तेव्हा मी गोठ्यातून ऐकत असे. खुशीला सगळी पेटी सागवानाची हवी होती. आपल्या भागात चांगली वस्तू म्हटली की सागवानच, असं सगळ्यांनाच वाटतं. मिस्त्री म्हणाला की तशी पेटी चार माणसांना उचलणार नाही, आणि नवख्या माणसानं पहिला हात महाग लाकडावर चालवू नये. भुशाची दाबून केलेली फळी स्वस्त असते, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात ती फुगते. म्हणून दोन्ही बाजू आणि पाठ प्लायवुडची करावी, आणि जिथं हात टेकतो, बटणं बसतात, तिथं तेवढं एक चांगलं घट्ट लाकूड घ्यावं. कापण्याआधी पुठ्ठ्याची पूर्ण मापाची पेटी करून बघावी, असंही त्यानं सांगितलं. पुठ्ठ्यावर झालेली चूक रद्दीत जाते, लाकडावरची आयुष्यभर दिसते.

खुशीनं फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे आणले. मोबाइलवर एक व्हिडिओ बघून त्यातली मापं उतरवली आणि अंगणात पेटी उभी केली. पाच फुटांपेक्षा उंच, अगदी बसस्टँडजवळच्या पेटीसारखी. शकुननं शेजारणींना बोलावून दाखवली. मग मायलेकींनी मंगरूला दोन्ही बाजूंनी धरून तिच्यासमोर आणलं.

त्यानं पेटीकडे पाहिलं. त्यानं सगळा भार दोघींच्या खांद्यांवर टाकला होता. तो हळूच म्हणाला, "पोरी, उभं राहाले येत असतं तं मी तलावावर नसतो गेलो?"

खुशीनं सगळी मापं घेतली होती, पण ज्याच्यासाठी पेटी करायची त्याचं माप घ्यायची ती विसरली होती. तिनं पुठ्ठे घडी करून गोठ्यात आणून टाकले, माझ्या अंगावरच. चार दिवस तिनं पेटीचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी ती पुठ्ठे पुन्हा काढायला आली, तेव्हा खाली तिला मी सापडले. तिनं मला धुतलं. मिस्त्रीनं मला वाजवून पाहिलं, किडीची भोकं आहेत का ते पाहिलं, जुने खिळे उपटून काढले. लाकूड अजून घट्ट आहे, म्हणाला. हात टेकायच्या फळीला याहून चांगलं मिळणार नाही. फक्त ह्या खाचा रंधून काढाव्या लागतील. त्यानं मला दोन फुटांवर कापलं आणि एका टोकाकडून रंधा सुरू केला. पातळ साली उडाल्या. इतक्या वर्षांनी तलावाच्या पाण्याचा वास माझ्यातून बाहेर आला. मला वाटलं, संपलं आता. एवढ्या वर्षांतलं जे माझ्याजवळ उरलं होतं, तेही जाणार.

तेवढ्यात खुशीनं त्याला थांबवलं. आधी उंचीचं माप घेऊ, म्हणाली. ह्या वेळी तिनं बापाला खुर्चीत बसवलं, पुढं विटा रचल्या आणि त्यांवर मला आडवं ठेवलं. एक वीट काढ, अर्धी ठेव, असं करत करत मी मंगरूच्या कोपराच्या उंचीला आले. मग तिनं त्याचा लुळा हात उचलून माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, हात जड होता आणि गारही. पण त्याची बोटं घसरली आणि एकेक करत चार खाचांत जाऊन बसली. मंगरूनं मान खाली घालून पाहिलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचं पहिलं बोट थोडंसं आत वळलं, दोरीला धरायला वळतं तसं. फक्त एवढंच. पण ते मला कळलं, आणि खुशीनंही पाहिलं.

"हे रंधू नको," मंगरू म्हणाला. "राहू दे तसंच."

शकुन चुलीपाशी होती. ती पाठमोरीच राहिली.

खुशीनं पेन्सिल घेतली. बोटांची टोकं खाचांच्या पुढं जिथं टेकत होती, तिथं तिथं गोल काढले. व्हिडिओतल्या पेटीत बटणं सरळ ओळीत होती. माझ्यावरची दोन वर, एक खाली, एक भलतीकडेच आली. मिस्त्रीला ते पटेना. "वाकडं दिसून राहिलं ना खुशी," तो म्हणाला.

"बाबाचा हातच वाकडा हाय, मिस्त्रीकाका. सरळ बटनं कोनासाठी लावू?"

पेटी तयार व्हायला तीन आठवडे लागले. एक बाजू थोडी तिरकी कापली गेली आहे. प्लायवुड भिंतीला टेकवून ठेवल्यानं त्यालाही बाक आला आहे. पेटी बुटकी आहे, खुर्चीसमोर बसेल इतकीच. ती आता घरात तलावाकडच्या दारासमोर आहे, म्हणजे खेळणाऱ्याचं तोंड आपोआप तलावाकडे होतं. मंगरू रोज सकाळी बसतो आणि पुष्कळदा हरतो. शकुन जाता जाता बोलून जाते, "साकोलीचं तिकीट वाचलं बाप्पा." पहिली दोन बोटं आता बटणं दाबतात. तिसरं कधी दाबतं, कधी नाही.

मला विश्रांती हवी होती, ती मिळाली नाही. आता घाम, तेल, चहाचे थेंब, सगळं माझ्यावर सांडतं. पावसाळ्यात अंग अजून दुखतं. तुमच्याकडे तीनच गोष्टी मागते, मित्रांनो. लाकूड आणाल तेव्हा ते भिंतीला टेकवू नका, काठ्यांवर आडवं ठेवा. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा. आणि जुन्या फळीवर खाचा दिसल्या तर रंधा फिरवण्याआधी त्या कुणाच्या आहेत, ते घरात विचारून घ्या.

चौथं बोट अजून हललेलं नाही. ते रोज येऊन आपल्या खाचेत नुसतं पडून राहतं. मी घाई करत नाही. जाळं टाकून दिवसदिवस वाट पाहायची सवय आम्हा दोघांनाही आहे.