ओट्यावरचा आवाज

डोमाजी तायडे एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते, आणि त्या नोकरीनं त्यांना पेन्शनखेरीज दिलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचा गळा. भरलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीशी उभं राहून ते "मूर्तिजापूरवाले पुढं सरका" म्हणाले, की शेवटच्या बाकावर घोरणारा माणूसही दचकून उभा राहायचा. निवृत्तीनंतर हा गळा घरात ठेवणं बायकोला परवडेना, म्हणून दर रविवारी तो अकोल्यातल्या फुटबॉलच्या मैदानावर जायचा.

मैदानाच्या दक्षिण बाजूला, पूर्वेकडच्या गोलला लागून एक लांब सिमेंटचा ओटा आहे. नवदीप क्लबची माणसं तिथं बसतात. नवदीप हा वस्तीतल्या पोरांचा संघ. खेळणारे अकरा आणि त्यांना खेळ शिकवणारे ओट्यावर दीडशे, असा एकूण हिशोब. टॉस जिंकला तर दुसऱ्या अर्धात ओट्याजवळचा गोल आपल्याकडे ठेवायचा, ही क्लबची जुनी रीत. का, ते कोणी विचारत नसे. आपली माणसं जवळ असली की बरं वाटतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी खामगावच्या संघाशी सामना होता. पहिल्या अर्धात नवदीपनं एक गोल चढवला आणि ओट्यावर मुरमुरे वाटले गेले. दुसरा अर्ध सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच खामगावच्या पोरानं लांबून एक उंच फटका मारला. नवदीपचा गोलकीपर संघपाल जागेवरच उभा राहिला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत गेला. अकरा वर्षं गोलात उभा राहणारा पोरगा, आणि हातसुद्धा वर केला नाही!

डोमाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि "हूऽऽऽ" केलं. समोरच्या संघाची हुर्यो उडवायची ओट्याला सवय होती, रेफरीची तर फारच. आपल्याच माणसाची आजवर कोणी उडवली नव्हती. पण डोमाजींनी सुरुवात केली म्हटल्यावर दीडशे तोंडं उघडली आणि सामना संपेपर्यंत बंद झाली नाहीत. त्या हुर्योत आणखी तीन गोल झाले. संघपालची आई इंदूबाई ओट्याच्या टोकाला बसली होती. ती तिसऱ्या गोलनंतर उठून निघून गेली. सामना सुटल्यावर संघपालनं हातमोजे काढून क्लबचे सेक्रेटरी गोवर्धन यांच्या हातात दिले आणि तोही गेला.

सोमवारी चहाच्या टपरीवर सभा भरली. पुढच्या रविवारी अमरावतीच्या संघाशी साखळीतला शेवटचा सामना होता. तो जिंकला तर फायनल, नाही तर घरी बसायचं. प्रश्न एकच होता, गोलकीपर कुठून आणायचा? एकानं नागपूरचा एक उंच पोरगा सुचवला. दुसऱ्यानं बार्शीटाकळीचा सुचवला, तर त्याचं नेमकं रविवारीच लग्न निघालं.

"लगन सकाळचं असन, सामना तर चारले हाय," तो सुचवणारा माघार घेईना.

"अन् हळदीच्या हातानं बॉल पकडन का बे?" गोवर्धननं त्याला गप्प केलं.

शेवटी नाव निघालं ते भातकुलीच्या कुंदनचं. तो गेल्या वर्षी अमरावतीकडून खेळला होता, यंदा शेतीपायी कोणत्याच संघात नव्हता. डोमाजींनी चहाचा ग्लास ठेवला.

"मी आनतो त्याले. एस.टी.चा माणूस हाय मी, रिकामी गाडी आनत नाई."

मंगळवारी सकाळी ते अमरावतीच्या गाडीत बसले. बडनेरा गेलं, अमरावतीचा स्टँड आला, तिथून भातकुलीची गाडी धरली आणि दुपारी बारा वाजता ते कुंदनच्या हरभऱ्याच्या शेतात उभे होते. कुंदन उंचापुरा, तिशीचा, बोलायला मोजका. त्यानं पाणी दिलं, ओंजळभर घाटे सोलायला दिले आणि सगळं ऐकून घेतलं.

"मी येऊन काय करू जी?" तो म्हणाला.

"काय म्हंजे? गोल अडव."

"तुमच्या त्या ओट्याजवळच्या गोलात? नाई अडत मले. गेल्या साली दोन खाल्ले मी तिथं. थंडीच्या दिवसांत चार वाजले का सूर्य समोरून डोयात येते. वरचा बॉल त्याच्यात शिरला का दिसतच नाई. टोपी घालून पाह्यली, तर टोपीनंच वरचं झाकते."

"मंग आमचा संघपाल कसा अडवत होता अकरा वर्स?"

कुंदननं हातातले घाटे खाली ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"तुमाले मालूम नाई? तो तुमच्या ओट्यावरच्या आवाजावर खेळते."

"कोनाच्या?"

"ओट्यावर एक बुढा बसते ना, मोठ्या गळ्याचा. 'वर, वर' म्हनते, 'इकडं' म्हनते, 'तिकडं' म्हनते. तुमाले आडवं दिसते मैदान, सूर्य लागत नाई. बुढ्यानं 'वर' म्हटलं का तुमचा कीपर बॉल न पाहता उडी घेते. मी तर समोरच्या गोलातून पाहतच राह्यलो. म्हटलं, काय जोडी हाय!" मग त्याला एकदम लक्षात आलं. "तुमीच का जी ते?"

"मीच तो," डोमाजी म्हणाले. अकरा वर्षं ते "वर, वर" ओरडत होते ते केवळ राहवत नव्हतं म्हणून. सिनेमा बघताना माणूस नायकाला 'मागं बघ' म्हणतो ना, तसंच. कोणी ऐकत असेल, कोणी त्यावर उडी घेत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि रविवारी तो पहिला उंच फटका आला तेव्हा ते शेजारच्याच्या हातातले मुरमुरे घेत होते.

"मंग त्या दिवशी तुमी बोलले नसान," कुंदन म्हणाला.

"बोललो ना," डोमाजी म्हणाले. "हुर्यो केली त्याची."

गाडीच्या वेळेला कुंदन त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला.

परतीच्या गाडीतला कंडक्टर ओळखीचा होता. त्याला डेपोच्या गप्पा मारायच्या होत्या, पण डोमाजी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, अगदी भरल्या गाडीत कोणी थोबाडीत मारल्यासारखी. पण मूर्तिजापूर मागे पडलं तसा त्यांचा विचार पक्का झाला. कीपर आणायला निघालो होतो ना? कीपरच आणायचा. तो भातकुलीत नाही, आपल्याच गल्लीत आहे.

बुधवारी संध्याकाळी ते संघपालच्या घरी गेले. संघपाल जिनिंगवरून नुकताच आला होता, केसांत कापसाचे तंतू होते. इंदूबाई चुलीसमोर भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. डोमाजी तिथेच भिंतीला टेकून बसले.

"संघपाल, तू माह्या आवाजावर खेळत होता का रे?"

"हो."

"मले कधी सांगतलं काहून नाई?"

"सांगाचं काय त्याच्यात, मामा? तुमाले मालूमच असन वाटे." संघपालनं हातातला टॉवेल घडी केला, परत उलगडला. "त्या दिवशी बॉल सूर्यात गेला. मी कान लावून उभा होतो, आता मामा बोलतीन, आता बोलतीन. बॉल जाळीत गेला. अन् मंग तुमचा आवाज आला. 'हू.' दीडशे लोक ओरडत होते, पन मले त्यातला तुमचाच आवाज येत होता. दुसरा कोनाचा आवाज ऐकाची सवयच नाई मले."

डोमाजींनी हात जोडले. "चुकलो बापा मी. माफ कर."

तेव्हा इंदूबाई बोलली. पीठ लागलेला हात तिनं परातीतच ठेवला होता.

"हुर्यो दीडशे लोकाईसमोर झाली, भाऊ. अन् माफी माह्या सैपाकाच्या खोलीत काहून?"

डोमाजी उठले, चप्पल पायात सरकवली आणि थेट गोवर्धनच्या दुकानात गेले. खेळाडूंची यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

"संघपालचं नाव यादीत राहू दे."

"तो येत नाई म्हनते, काका. मोजे देऊन गेला तो."

"मोजे तुह्याजवळच हायत ना? मंग सांभाळून ठेव. नाव राहू दे. नाई आला तर माह्यावर फोड खापर."

गोवर्धननं कपाळावर हात मारला, पण नाव ठेवलं. गोलात उभं राहायला बचावफळीतला स्वप्निल तयार झाला, म्हणजे त्याला तयार केलं गेलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. संघपाल रस्त्यात दिसला की मान खाली घालून सायकल पुढे काढायचा. शनिवारी डोमाजींची बायको म्हणाली, "जाऊ द्या ना आता." डोमाजी म्हणाले, "नाई जाऊ देत."

रविवारी पावणेचारला ओटा भरला. अमरावतीहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. रेफरी शिट्टी तोंडात धरणार एवढ्यात डोमाजी ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी तो गळा उघडला.

"ऐका! मांगच्या रविवारी संघपालवर गोल झाला, तो संघपालमुळं नाई झाला! माह्यामुळं झाला! त्या गोलात सूर्य डोयात येते, तो माह्या आवाजावर खेळते. मी बोललो नाई, अन् वरून त्याची हुर्यो मीच सुरू केली! मी त्याची माफी मांगतो! इंदूबाईची मांगतो! अन् आज जो कोनी आपल्या पोट्ट्याईवर 'हू' करन, त्यानं पयले माह्या तोंडावर करावं!"

अमरावतीची माणसं बावचळून बघत राहिली. रेफरीनं घड्याळ पाहिलं. ओट्यावर कोणी एकमेकांकडे पाहीना. संघपालचं घर मैदानापासून तीन गल्ल्या आत आहे, पण या गळ्याला तीन गल्ल्या म्हणजे काहीच नाही.

पहिला अर्ध एक-एक असा सुटला. बिचाऱ्या स्वप्निलनं एक गोल खाल्ला आणि दोन नशिबानं वाचवले. खेळाडू बाजू बदलायला लागले तेव्हा मैदानाच्या फाटकातून संघपाल आत आला. मागून इंदूबाई. ती ओट्यापाशी आली आणि टोकाला नाही, डोमाजींच्या शेजारी बसली.

"मी नाई आनलं त्याले," ती म्हणाली. "ऐकलं, लय वेळ बसून राह्यला, अन् मंग बूट घालून निंगाला."

गोवर्धननं मोजे पुढे केले. संघपाल ओट्याजवळच्या गोलात जाऊन उभा राहिला. ओट्याकडे त्यानं पाहिलं नाही.

सूर्य नेमका समोर होता. अमरावतीनं ते हेरलं आणि उंच फटक्यांचा मारा सुरू केला. "वर!" डोमाजी ओरडले, आणि संघपालची मूठ चेंडूवर बसली. "तिकडं! खाली!" संघपाल जमिनीवर आडवा. आता प्रत्येक शब्दाबरोबर पोरगा हलताना डोमाजींना दिसत होता. अकरा वर्षं हे समोर घडत होतं आणि आपण आंधळे होतो, असं वाटून त्यांचे डोळे भरून यायला लागले. पण डोळे भरून चालणार नव्हतं. त्यांनी बाहीनं पुसले आणि पाहत राहिले.

शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना अमरावतीला कॉर्नर मिळाला. गोलसमोर वीसेक माणसांची रेटारेटी, त्यातून चेंडू वर उडाला आणि कोणाचं डोकं लागलं ते डोमाजींना क्षणभर कळलंच नाही. "इक..." एवढं तोंडातून निघेपर्यंत चेंडू जाळीत होता. एक-दोन.

ओट्यावर सवयीनं चौघांचे हात तोंडाशी गेले. डोमाजी वळले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पोटातून ती हुर्यो वर येत होती, इतक्या वर्षांची सवय ती, सहज थोडीच जाते. ती त्यांनी गिळली आणि उरलेला सगळा दम एकवटून ओरडले, "उठ संघपाल! मधात ने बॉल! टाइम हाय अजून!" मग इंदूबाई ओरडली. मग एकेक करत ओटा ओरडायला लागला, आणि तोंडाशी गेलेले हात तसेच भोंग्यासारखे धरून ते चौघेही ओरडायला लागले.

नवदीपनं जिवाचं रान केलं. दोन चेंडू खांबाला लागून परत आले. पण शिट्टी वाजली तेव्हा आकडा एक-दोनच होता. फायनल गेली.

अमरावतीच्या माणसांनी मैदान डोक्यावर घेतलं. ओटा बसून राहिला, कोणी उठेना. संघपाल मोजे काढत सरळ ओट्याकडे आला. कोपर सोललं होतं, तोंडभर धूळ होती. डोमाजी उभे राहिले. हरल्याचं कसं सांगावं, परत एकदा माफी कशी मागावी, याची त्यांनी मनाशी जुळवाजुळव केली.

"मामा," संघपाल म्हणाला, "त्या कॉर्नरले तुमी उशिरा बोलले."

डोमाजींनी मान हलवली. "हो बापा. उशीर झाला."

"गर्दी असली का बॉल पाहत बसू नका. त्याईच्या नऊ नंबरच्या डोक्याकडं पाहाचं, आधीच समजते. मंगळवारी पाचले प्रॅक्टिस हाय, तुमी पन या. नुसते कॉर्नर घेऊ, पन्नास-साठ."

जुळवून ठेवलेलं सगळं डोमाजींनी सोडून दिलं.

"साडेचारलेच येतो," ते म्हणाले.