समोरची खुर्ची

मुलं मला पाठीमागे मूळव्याध म्हणतात, हे मला केव्हापासूनच माहीत आहे. राग येत नाही. कोणी निबंधात एखादा आकडा लिहिला किंवा कोणाचं मत उचललं, की मी समासात तांबड्या शाईने ‘मूळ कुठे?’ असं लिहिते, आणि मूळ दाखवल्याशिवाय निबंध हातात घेत नाही. त्या मानाने पोरांनी नाव सौम्यच ठेवलंय.

माझा विषय लेखन. पहिल्या वर्षाला सक्तीचा, म्हणजे कोणालाच नको असलेला. वर्ग कॉलेजच्या कॅन्टीनवर भरतो, त्यामुळे सगळी सकाळ खालून कपबशा वाजत असतात. त्या आवाजावर आवाज चढवून मी शिकवते ते एवढंच, की दावा कोणता, त्याला पुरावा काय, आणि या दोहोंच्या मध्ये न बोलता काय गृहीत धरलंय. पहिल्या दोन गोष्टी मुलांना लवकर जमतात, तिसरीपाशी गाडी अडते. भांडणात दोन्ही बाजूंना जे मान्य असतं ते कोणीच बोलून दाखवत नाही, म्हणून आधी तिथे शोधा, असं मी दर वर्षी घसा फोडून सांगते. मुलं लिहून घेतात आणि विसरतात.

आमच्या वर्गाची एक रीत आहे. माझ्या टेबलासमोर एक लाकडी खुर्ची असते, ती वर्षभर रिकामी ठेवायची. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या निबंधात ज्याचं म्हणणं खोडलंय, त्या मताचं एक खरंखुरं माणूस घेऊन यायचं आणि त्या खुर्चीत बसवायचं. आधी त्याची बाजू त्याला वाचून दाखवायची. मग मी पाहुण्याला विचारते, ‘हे तुमचं म्हणणं आहे का?’ तो हो म्हणाला तरच पुढे आपलं घोडं दामटायचं. नाही म्हणाला तर तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. प्राचार्यांना हा प्रकार पोरकट वाटायचा. एका वर्षी एका मुलाने त्यांनाच त्या खुर्चीत आणून बसवलं, तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. पहिला निबंध वाचून मी ज्याला त्याला टोपणनाव देऊन टाकते. या वर्षीच्या एका मुलीचं नाव मी वकिलीणबाई ठेवलं, कारण तिने पहिल्याच निबंधात समोरच्याला बोलायला जागा ठेवली नव्हती. हुशार, तोंडाने फटकळ आणि हसायला महाग. मला ती आवडायची. मीही तशीच होते आणि अजून फारशी सुधारलेली नाही.

मोठ्या निबंधासाठी तिने विषय घेतला, ‘शस्त्रक्रियेला नकार देण्याचा अधिकार नातेवाइकांना नसावा.’ कच्चा मसुदा मी तांबडी शाई घेऊन वाचायला बसले. तिने लिहिलं होतं की हृदयाच्या एका शस्त्रक्रियेत दहातली आठ माणसं वाचतात, तरीही घरचे नको म्हणतात, आणि असा नकार ही हत्याच असते. मी ‘आठ’वर गोल केला आणि लिहिलं, मूळ कुठे? ‘हत्या’च्या बाजूला लिहिलं, शब्द पुराव्यापेक्षा मोठा आहे. त्यापलीकडे मी काही विचारलं नाही. मुलांच्या घरात नाक खुपसायचं नाही, असं मी ठरवून टाकलेलं आहे.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्तमानपत्रात छापून आलंय, म्हणाली. वर्तमानपत्राने कुठून आणलं, मी विचारलं. त्यांनी कशाला खोटं लिहावं, असं तिने मलाच विचारलं. खोटं कोण म्हणतंय, मी म्हटलं, मी फक्त पत्ता विचारते आहे. ती पाय आपटत ग्रंथालयात गेली.

वर्तमानपत्राने आकडा एका आरोग्य मासिकातून घेतला होता. मासिकाने तो एका हॉस्पिटलच्या माहितीपत्रकातून उचलला होता, आणि त्या पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मूळ अभ्यासाचं नाव होतं. ग्रंथपालबाईंनी खटपट करून तो दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दिला. या सगळ्यात बरेच दिवस गेले. मी मनात खूश होते. मुलगी मुळापर्यंत चालली आहे, आणखी काय हवं.

मग एके दुपारी ती स्टाफरूममध्ये आली आणि तो अभ्यास माझ्यासमोर ठेवला. एका परिच्छेदावर बोट टेकवलं. अभ्यासात कोणाला घेतलं नाही, ते तिथे दिलं होतं. ज्यांची मूत्रपिंडं आधीच निकामी झाली आहेत अशा रुग्णांना सुरुवातीलाच वगळलं होतं.

“माझ्या आईचं डायलिसिस चालू होतं, मॅडम,” ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. शेजारचे सर उठून बाहेर गेले, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. तिने मला सगळं सांगितलं. आदल्या वर्षी तिच्या आईचं हृदय अचानक बिघडलं. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या वडिलांना खोलीबाहेर, कॉरिडॉरमध्ये बोलावलं आणि सांगितलं, शस्त्रक्रिया करता येईल, धोका मोठा आहे, विचार करून सांगा. वडील नको म्हणाले. ही म्हणाली, करायचीच. शब्दाने शब्द वाढला, इतका की नर्सने येऊन दोघांना आवाज कमी करायला सांगितलं. शस्त्रक्रिया झाली नाही. थोड्या दिवसांनी आई गेली. पुढे हिला वर्तमानपत्रात तो आकडा दिसला, तेव्हा हिने ते कात्रण जेवताना वडिलांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, दहातली आठ वाचतात. वडिलांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि जेवण तसंच ठेवून उठले. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं होतं. वडिलांनी त्यानंतर स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नव्हता.

“म्हणजे बाबांचं बरोबर होतं?” तिने विचारलं.

हो म्हणावं असं मला फार वाटलं. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या शब्दाने दोन माणसांचं घर पुन्हा उभं राहिलं असतं. पण मी वर्षभर तिला जे शिकवलं, ते तिच्याच घराच्या दारात सोडून द्यायचं मला जमेना.

“असं हा अभ्यास म्हणत नाही,” मी म्हटलं. “आईसारख्यांचं काय होतं, ते त्यांनी बघितलंच नाही. तुझा आकडा गेला. पण म्हणून त्यांचं बरोबर ठरलं असं होत नाही.”

“मग मी त्यांना काय सांगू?”

“कळलंय तेवढंच सांग.”

विषय बदलायचा असेल तर अजून वेळ आहे, असंही मी सुचवलं. तिने कागद गोळा केले आणि गेली. त्यानंतरच्या वर्गांत ती गप्प गप्प असायची. तिच्या उलटतपासणीशिवाय वर्ग अळणी वाटायचा. मीच काही चुकीचं केलं की काय, या विचाराने मला नीट झोप लागत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात ती वडिलांना घेऊन आली.

ते फर्निचरला पॉलिश करणारे. शर्ट स्वच्छ, इस्त्रीचा, पण बोटं नखांपर्यंत तपकिरी झालेली. बसण्याआधी त्यांनी सवयीने खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला, मग अगदी कडेवर बसले. मुलगी आपल्याला इथे कशाला घेऊन आली आहे, ते त्यांना ठाऊक होतं. आरोपीने जसं बसावं तसे ते बसले होते, आणि मला माझ्या त्या खुर्चीचा पहिल्यांदाच राग आला.

तिने वडिलांची बाजू वाचली. ती उत्तम लिहिली होती. वडिलांनी मूत्रपिंडांची अवस्था लक्षात घेतली, शस्त्रक्रियेनंतरचे हाल डोळ्यांसमोर आणले, उरलेले दिवस शांततेत जावेत असा विचार केला, आणि मग नकार दिला. तिने बापासाठी असं वकीलपत्र घेतलेलं पाहून मला भरून आलं.

मी रीतीप्रमाणे विचारलं, “हे तुमचं म्हणणं आहे का?”

“नाही,” ते म्हणाले.

मुलीने मान वर केली.

“हिने मला फार शहाणं करून लिहिलंय, मॅडम. मी एवढा विचार केलाच नव्हता. डॉक्टर बोलत होते, माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की तिला आत नेतील, दार लावून घेतील, आणि ती तिथे परक्या माणसांत जाईल. म्हणून नको म्हटलं. मी घाबरलो.”

तिने त्या सुंदर पानावर आडवी रेघ मारली. रेघेखाली उभ्यानेच चार शब्द लिहिले आणि वाचले, “माझे वडील घाबरले. आई परक्या माणसांत जाईल अशी त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी नको म्हटलं.”

“हो,” ते म्हणाले. “हे माझं.”

मग तिने स्वतःची बाजू वाचायला घेतली. दहातली आठ हा आकडा तिने घरी वापरला होता. मूळ अभ्यास वाचल्यावर कळलं, की तो आईसारख्या रुग्णांना लागूच होत नाही. शस्त्रक्रिया केली असती तर आई वाचली असती का, हे तिला माहीत नाही.

“म्हणजे त्या आठांत ती नव्हती?” वडिलांनी विचारलं.

“आठांतही नव्हती आणि उरलेल्या दोघांतही नव्हती, बाबा. तिच्यासारख्यांना त्यांनी मोजलंच नव्हतं.”

“मी बसस्टॉपवर उभा राहिलो की माणसं मोजायचो,” ते म्हणाले. मुलीला नव्हे, आपल्या बोटांना सांगत असल्यासारखे. “दहा झाली की थांबायचो. त्यातली आठ घरी जायची. तुझी आई रोज त्या आठांत असायची.”

मुलगी रडत होती आणि डोळे पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही. मग तिने हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले.

“पुढचं वाचत नाही,” ती मला म्हणाली, आणि वडिलांकडे वळली. “त्या दिवशी तुम्ही नको म्हणत होता, मी हो म्हणत होते. पण एक गोष्ट आपण दोघांनीही धरूनच चाललो होतो, की ठरवायचं ते आपण. तिला कोणी विचारलंच नाही.”

“ती जागी होती,” वडील म्हणाले.

“हो.”

“मी आत गेलो तर मला म्हणाली, बाहेर कसला एवढा आवाज चाललाय? मी म्हटलं, काही नाही.”

“मलाही विचारलं होतं,” मुलगी म्हणाली. “मीही तेच सांगितलं.”

वर्षानुवर्षं जे मी फळ्यावर लिहीत आले, ते त्या दोघांच्या मध्ये उघडं पडलं होतं, आणि शिकवणारीला त्यात बोलायला काही उरलं नव्हतं. खुर्चीतल्या माणसाला मी दुसऱ्यांदा कधी विचारत नाही. त्या दिवशी का विचारलं, कोण जाणे.

“हे तुमचं म्हणणं आहे का?”

त्यांनी मुलीकडे पाहिलं.

“आमचं दोघांचं आहे,” ते म्हणाले.