केंद्र न टोचलेली वर्तुळं

फाल्गुनातली सकाळ सड्यावरून, त्या कातळी पठारावरून, उतरते ती अनवाणी. आधी कातळाच्या काठावर उजेडाची एक बारीक, ताम्रवर्णी रेघ उमटते. मग ती रुंदावते, ओघळते, काजूच्या मोहरावरून, कौलांच्या उतरणीवरून घरंगळत येते आणि खाडीच्या पाण्यात जाऊन निवते. तांबडा सडा, तांबडी वाट, तांबडी कौलं. आणि या साऱ्या तांबडेपणाच्या कुशीत, खाडीच्या वळणावर, सोळा घरांची तांबट आळी.

या आळीला कोंबडा उठवत नाही, हातोडी उठवते. एका घरातून एक ठोका, त्याला दुसऱ्या घराचा ठोका, त्याला तिसऱ्याचा. ठोक्याला ठोका भिडत जातो, आणि सूर्य माडांच्या वर येईतो सारी आळीच एक भांडं झालेली असते, नादानं काठोकाठ भरलेलं.

त्या नादाच्या मधोमध अनसूया बसलेली असे. चव्वेचाळीस वर्षांची, सावळी, हातांना चिंचेचा आणि राखेचा वास. सासरे म्हणजे नाना. ते हंडे घडवत. नवरा रघुनाथ ते तालुक्याच्या बाजाराला नेई. आणि मधल्या वेळात अनसूया ते उजळवी. भट्टीतून काळवंडून आलेल्या तांब्यावर तिचा हात फिरे, फिरे, फिरत राही, आणि काळोखातून हळूहळू पहाट वर यावी तसं आतलं तांबडं तेज वर येई. पंचवीस वर्षं ती अशा सकाळी घासून काढत होती. दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सकाळी.

तिच्या मांडीखाली मात्र भूमितीचं पुस्तक असे. दहावीचं.

ती दहावीत होती तेव्हा मार्गशीर्षातल्या एका दुपारी वडील वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. आई अंथरुणाला खिळली होती; घर बघायला कोणी नव्हतं. फळ्यावर एक वर्तुळ होतं, आणि वर्तुळाकडे निघालेली एक रेघ. ती रेघ वर्तुळाला पोचली की नाही, हे अनसूयेनं पाहिलं नाही. दप्तर आवरून ती वडिलांच्या मागून चालत गेली, आणि अठ्ठावीस वर्षं चालत राहिली.

गेल्या साली तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसली. मराठी सुटलं, इतिहास सुटला, भल्याभल्यांना रडवणारं इंग्रजीही सुटलं. भूमिती राहिली. सहा गुणांनी.

"दहावी झालीस म्हणून हंडा काय इंग्रजीत वाजणार आहे?" शेजारच्या काशीआत्यांनी विहिरीवर विचारलं होतं, आणि सगळ्याजणी हसल्या होत्या. अनसूयाही हसली होती. घरी येऊन मात्र ती नानांसमोर उभी राहिली.

"नाना, आणखी एकदाच बसते. या खेपेला नाही झालं तर पुस्तकं माळ्यावर टाकीन. पुन्हा नाव नाही काढणार."

नानांनी मान हलवली. एवढंच. पण तांबटाच्या घरात शब्द ठोक्यासारखा असतो. एकदा बसला की उचलून परत घेता येत नाही.

आणि भूमितीत तिचं अडत होतं ते एका टिंबापाशी.

नानांच्या घराण्याची एक रीत होती: पत्र्याचा मध्य टोचायचा नाही. कंपासाची सुई तांब्यात रुतवायची नाही. "भांड्याच्या पोटाला सुई लागली, की आज नाही तर वीस वर्षांनी भांडं तिथंच गळतं, रडतं," असं नाना म्हणत; नानांचे वडीलही तसंच म्हणत. म्हणून कामाच्या खोलीत भिंतीभर पितळेची कडी टांगलेली असत, तळहाताएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत. कडं पत्र्यावर ठेवायचं, भोवतीनं रेघ ओढायची, रेघेवरून कापायचं. वर्तुळ मिळे. पूर्ण मिळे, निर्दोष मिळे, केंद्रावाचून मिळे.

अनसूयेच्या वहीतही तशीच वर्तुळं होती. बांगडीभोवती काढलेली, वाटीभोवती काढलेली, पौर्णिमेसारखी गोल आणि पौर्णिमेसारखीच मुकी. स्पर्शिका ती नजरेनं काढी. पट्टी वर्तुळाच्या कडेशी नेई, आणि रेघ अशी अलगद टेके की जणू भारद्वाजाचं पीस पाण्यावर उतरलं. पण केंद्र नाही, म्हणून त्रिज्या नाही. त्रिज्या नाही, म्हणून काटकोन नाही. आणि काटकोन नाही म्हणून गुण नाही. कंपास हातात घेतला की तिचं मनगट ताठे. सुई कागदाच्या वर गव्हाएवढं अंतर राखून थांबे, आणि परत येई.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना केळशीकर सरांनी तिची वही उघडी ठेवून विचारलं,

"अनसूयाबाई, केंद्र कुठंय?"

सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. वाचनालयाच्या ओसरीवर ते दुपारी पाच बायकांना शिकवत, इतक्या हलक्या आवाजात की चिमण्या चिवचिवल्या तर थांबत. विद्यार्थ्यांची प्रत्येक चूक ते आधी स्वतःत शोधत.

"नाही काढलं, सर."

"मी ते नीट सांगितलं नसेल बहुतेक."

"तसं नाही सर," ती म्हणाली, आणि मग कडी, पत्रा, सुई, भांड्याचं रडणं, सगळं तिनं सांगितलं. बाकीच्या चौघी वह्या मिटून ऐकत राहिल्या. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा पुसला.

"मग भांड्याचा मध्य तुम्हाला कळतो कसा?"

"हाताला कळतो."

"परीक्षकाला तुमचा हात दिसत नाही हो," सर म्हणाले, आणि आपण फार टोचून तर बोललो नाही ना, या भयानं लगेच पुस्तकात पाहू लागले. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं फिकट रेघ ओढली. "हे एक वाक्य आहे. बघा, जमलं तर. मला... मला ते फार आवडतं."

स्पर्शबिंदूतून स्पर्शिकेला काढलेला लंब वर्तुळाच्या केंद्रातून जातो.

दुसऱ्या दिवशीची दुपार. आळीच्या हातोड्या जेवून निजलेल्या. उन्हाचा सोनसळी कवडसा कौलातल्या काचेतून कामाच्या खोलीत उतरलेला, आणि त्या कवडशात तांब्याचा कीस तरंगत असलेला. अनसूयेनं जमीन झाडली. भिंतीवरचं मधलं कडं काढून ठेवलं, त्याच्याभोवती खडूनं रेघ ओढली, कडं उचललं. रिकामं वर्तुळ राहिलं. पोकळ, शांत, जन्मापासून ओळखीचं.

मग तिनं नानांचा गुण्या घेतला. काटकोन तपासायचा तो लोखंडी, हातभर लांबीचा. पुरा झालेला हंडा नाना गुण्याच्या कोपऱ्यात आडवा ठेवून सावकाश फिरवत. दोन्ही बाहूंना तो फेराभर एकाच जागी टेकत राहिला, तर गोल; नाही तर पुन्हा भट्टी. पंचवीस वर्षं तिनं हे पाहिलं होतं. आज ती पहिल्यांदा ते वाचत होती.

गुण्या तिनं वर्तुळाला भिडवला. एक बाहू इथं टेकला, एक तिथं. दोन बाहू नव्हेतच ते. दोन स्पर्शिका. एकाच बिंदूतून निघालेल्या दोघी बहिणी, एकाच वर्तुळाला दोन्हीकडून भेटायला आलेल्या. कोपऱ्यापासून पहिल्या स्पर्शापर्यंत तिनं मोजलं: एक वीत, दोन बोटं. दुसऱ्यापर्यंत: एक वीत, दोन बोटं. कमी नाही, जास्त नाही.

ती गुडघ्यांवर बसली. पहिल्या स्पर्शबिंदूवर गुण्या उभा करून तिनं लंब ओढला. दुसऱ्यावरून दुसरा. दोन पांढऱ्या रेघा त्या मुक्या पोकळीत शिरल्या, चालत गेल्या, चालत गेल्या, आणि एका जागी एकमेकींना भेटल्या.

केंद्र होतं.

कोणी टोचलं नव्हतं, तरी होतं. सुई नव्हती तेव्हाही होतं, कडं ठेवलं तेव्हाही होतं, नानांच्या वडिलांनी पहिला पत्रा कापला तेव्हाही, त्या तांब्याच्या पोटात, अनाम, अस्पर्श, अढळ होतं.

अनसूया उठली आणि दुसरं कडं घेऊन आली. मग तिसरं. मग चौथं. भिंत रिकामी होत गेली आणि जमीन भरत गेली. लहान वर्तुळं, मोठी वर्तुळं, एकमेकांना खेटलेली, एकमेकांत गुंतलेली. आणि प्रत्येकाच्या पोटात आपापलं केंद्र, श्रावणातल्या पाण्यावर थेंबाथेंबानं डोळा उघडावा तसं. तिच्या केसांना खडू लागला, कोपरांना लागला, कपाळाला लागला. तिला ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की हे कोणी तिला दिलेलं नाही. हे तिनं काढलंय.

मान वर केली तेव्हा दारात नाना उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"नाना," ती म्हणाली, "परीक्षेत सुई टोचावीच लागते."

नानांनी जमिनीकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस एकाही रेघेवर पाय न देता वर्तुळांच्या कडेकडेनं खोली ओलांडून आला, आपला गुण्या उचलला, पंच्यानं त्याच्यावरचा खडू पुसला, आणि भट्टीकडे निघून गेला. हो म्हणाला नाही. नको म्हणाला नाही.

तसंच, त्या न मिळालेल्या उत्तरासह, ती परीक्षेला गेली.

"आई, पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं," दाराशी एक तरुण पर्यवेक्षक म्हणाला.

"मी पालक नाही," अनसूयेनं प्रवेशपत्र पुढे केलं. "उमेदवार आहे."

बाकावर तिचे गुडघे मावत नव्हते. आजूबाजूला सोळा वर्षांच्या वेण्या, सोळा वर्षांची घाई, पेनांचा सरसर पाऊस. बाहेर पांगाऱ्याची पानं झडून गेली होती आणि निष्पर्ण फांदीफांदीवर लाल ज्वाळा फुलल्या होत्या. पहिले प्रश्न सुटत गेले. मग तो आला. तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर असलेल्या बिंदूतून त्याला स्पर्शिका काढा.

तिनं कंपास उघडला. सुई कागदाच्या वर आली, आणि गव्हाएवढं अंतर राखून थांबली.

त्या गव्हाएवढ्या अंतरात सारं काही होतं. घराण्याची रीत होती, माळ्याची शिडी होती, विहिरीवरचं हसू होतं. भिंतीवरची सगळी कडी त्या अंतरात श्वास रोखून टांगलेली होती. घाम तिच्या कानामागून उतरला. आणि तिला खडूची ती जमीन दिसली, आणि तिच्यावरच्या त्या भेटी, रेघांच्या, न टोचता झालेल्या.

केंद्र आपण पाडत नसतो. ते असतं. सुई नुसती त्याच्यापाशी जाऊन टेकते, देवळात पायरीला कपाळ टेकावं तशी.

सुई टेकली. कागदानं बारीकसा आवाज केला, तिच्याशिवाय कोणालाही ऐकू न गेलेला.

मग हात मोकळा झाला. पेन्सिल फिरली, सलग, एका दमात, पहिल्या बिंदूपाशी परत. केंद्रापासून पाचावर बाहेरचा बिंदू. दोहोंना जोडणारी वाट. त्या वाटेचा मध्य. मध्यावरून दुसरं वर्तुळ, पहिल्याला दोन जागी छेदणारं. त्या दोन जागी बाहेरच्या बिंदूतून दोन रेघा निघाल्या, न अडखळता, न खोडता, आणि वर्तुळाला टेकून पुढे गेल्या. तिनं पट्टी लावली. चार सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला लावली. चार सेंटिमीटर. तीन, चार आणि पाच, जातिवंत काटकोनाची तिन्ही अपत्यं, एका ओळीत उभी. तिनं उत्तराखाली रेघ ओढली. ती ओढताना पट्टी घेतली नाही, तरी ती सरळ आली.

गुण ज्यांनी द्यायचे ते देवोत. अनसूयेला उत्तर ठाऊक होतं.

ती आळीत शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओसरीवर रघुनाथ बाजाराला न्यायचे हंडे गोणपाटात बांधत होता. नाना आपल्या जागी होते, नवा हंडा मठारत, हातोडीचे एकसारखे ठसे उमटवत. त्यांनी वर पाहिलं नाही.

"टोचलंस?"

"टोचलं."

हातोडी थांबली. आळीतल्या बाकीच्या हातोड्या चालू होत्या, पण अनसूयेला वाटलं, सगळ्याच थांबल्या.

"गळलं का कुठं?"

तिला प्रश्न कळायला एक क्षण लागला. नानांच्या पांढऱ्या मिशीखाली काहीतरी हललं होतं.

"नाही नाना. थेंबसुद्धा नाही."

"हं," नाना म्हणाले. त्यांनी हंडा उचलून उन्हात धरला, फिरवला, आणि समोरच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण जणू हंड्याशीच बोलत, म्हणाले, "रघू, ऐकलंस काय? सूनबाईचं काम गळत नाही."

तांबटाच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नसते. रघुनाथनं हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून तीस वर्षं हंडे वाहिले होते. त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली, बायकोकडे पाहिलं, आणि आत जाऊन तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला.

संध्याकाळी ती सड्यावर गेली. काही आणायला नाही, कोणाला बोलवायला नाही. अशीच. कातळ दूरवर सपाट पसरला होता, त्याच्या पलीकडे समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडे पृथ्वीची ती मंद, महाकाय गोलाई, डोळ्याला न दिसणारी, पण आता तिला ठाऊक असलेली. एवढ्या अफाट वर्तुळावर माणसाच्या वाट्याला पाऊलभर जमीन येते. ती जमीन ही एक स्पर्शिका; जिथं माणूस उभा राहतो, तो स्पर्शबिंदू. आणि तिथं लंबासारखं ताठ उभं राहिलेलं कोणीही, केव्हाही, नकळत, थेट केंद्रातून आलेलं असतं.

अनसूयेनं पदर खोचला. चिंचेच्या, राखेच्या, वाकून घासण्याच्या सवयीची पाठ मणक्यामणक्यानं वर आली. वारा आला, गेला. खाली आडवा सडा, आडवा समुद्र, आडवं आभाळाचं टोक. आणि त्या साऱ्याला काटकोनात, एकटी, सरळ, ती.