धाकट्याच्या दारापर्यंत

दादांना चिठ्ठ्या चिकटवायचं व्यसन होतं. स्क्रूच्या डबीवर चिठ्ठी, बल्बच्या खोक्यावर चिठ्ठी. एका बरणीवर तर ‘काय आहे कळत नाही, टाकू नये’ असंही होतं. बायको म्हणायची, एक दिवस माझ्या कपाळावर ‘बायको, वापरात’ लावाल.

गॅरेजमध्ये कापडी टपाची लाल गाडी एकोणीस वर्षं धूळ खात होती. दादा आणि धाकटा भाऊ, दोघांनी मिळून घेतलेली. एकदा दादा तीन महिने कामासाठी परगावी जाऊन आले, तर तिचा रोटर गायब. रोटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा तुकडा. दादांनी सरळ धाकट्याला चोर म्हटलं. धाकट्याने पाठ फिरवली ती फिरवलीच. नवा रोटर सहज मिळाला असता, पण दादांचा हेका एकच, नेला त्यानेच आणून द्यावा.

सत्तरी उलटल्यावर त्यांना वाटलं, हेका घेऊन वर जाण्यात मजा नाही. त्यापेक्षा गाडी दुरुस्त करावी आणि टप उघडा टाकून धाकट्याच्या नाकावर टिच्चून त्याच्या दारावरून न्यावी.

मेकॅनिक बाई तोंडाने फटकळ होती. टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालंय, आता खिडक्यांना लावा, म्हणाली. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. इंजिन जाम. तिने प्लग काढून भोकांत तेल सोडलं, चार दिवस मुरू दिलं आणि पाचव्या दिवशी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ते कुरकुरत हललं तेव्हा दादांना रडू आलं. मग टाकी धुतली, नवा रोटर बसला आणि गाडी काळा धूर ओकत सुरू झाली.

अडलं ते टपापाशी. दुमडलेला टप धरून ठेवणारी एक खिट्टी तुटली होती. दादा दुसरी शोधायला ‘किरकोळ’ लिहिलेल्या पेटीत शिरले. तळाशी एक चपटी डबी होती. तिच्यावरची चिठ्ठी अशी: ‘रोटर. काढून ठेवला. मी नसताना धाकटा गाडी घेऊन उंडारेल.’ खाली परगावी निघाल्याच्या आदल्या दिवसाची तारीख. अक्षर मोत्यासारखं.

दादांनी डबी उघडली, रोटर आतच होता. बायकोने मागून सगळं वाचलं होतं. डबी गुपचूप फेकून द्यावी, असं ते पुटपुटले.

“फेका की,” ती म्हणाली. “फक्त कुठे फेकली त्याची चिठ्ठी लावून ठेवा.”

दादांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. खिट्टीच्या जागी तार पिळून ते निघाले. टप उघडा, ठरल्याप्रमाणे. पण धाकट्याच्या दारावरून पुढे जायचं होतं, तिथेच त्यांनी गाडी थांबवली.

धाकटा फाटकाला रंग देत होता. केस पार पांढरे झाले होते. दादांनी बसल्या जागेवरून डबी पुढे केली. त्याने हात पुसले, चष्मा लावला, चिठ्ठी दोनदा वाचली.

“अक्षर अजून तसंच आहे तुझं,” तो म्हणाला.

“माझं चुकलं,” दादा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुठे लिहूनसुद्धा ठेवलं नव्हतं.

धाकट्याने बराच वेळ इंजिनचा आवाज ऐकला. डबी खिशात टाकली, चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

“सरक,” तो म्हणाला.