तोंडी लावणं

भामाबाईंनी भाकरी तव्यावर आदळली, तसा चुलीतला फुफाटा उडून त्यांच्या पायावर आला. त्यांनी पाय मागे घेतला नाही. घरातला गॅस नातसुनेनं सकाळपासून अडवला होता आणि वर बजावलं होतं, "आजी, आज भाकरी करायची न्हाय. तुमी नुसतं बसायचं." म्हणून त्या घरामागच्या चुलीवर गुपचूप पाहुण्यापुढची अब्रू राखत होत्या.

पाहुणा म्हणजे धाकटा दीर गेणबा. कोऱ्हाळ्याहून मुद्दाम आला होता. नातसुनेला, प्रतिक्षाला, इंदापूर रस्त्याकडेची पत्र्याची शेड हवी होती. लग्नाआधी ती पुण्यात, स्पेनकडचं जेवण देणाऱ्या एका हॉटेलात कामाला होती. तसलंच जेवण शेडीत करून विकायचं तिच्या मनात होतं. शेड दोघा भावांची. भामाबाईंचे मालक आबाजी म्हणाले होते, "आधी आमाला जेवू घाल. मग बघू."

भाकरी शेकता शेकता भामाबाई आत डोकावल्या. आचेवर काळी ठिक्कर केलेली वांगी आणि ढोबळ्या मिरच्या सोलून, उभ्या फाडून लसणाच्या तेलात घातल्या होत्या. भाजलेल्या पावाच्या कापांवर लसूण घासून वर किसलेला टोमॅटो. पालकात परतलेले हरभरे. बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर तिखट लाल चटणी. संत्र्याच्या फोडींत कांदा आणि डाळिंबाचे दाणे. आणि सगळं तळहाताएवढ्या ताटल्यांत. वास फार चांगला सुटला होता, त्यानं त्या जास्तच चिडल्या.

"एवढ्याशात कुणाचं पोट भरायचं गं? पाहुणा हाय का चिमणी?"

"आजी, सगळ्या ताटल्या मधी ठिवून खायचं असतं. गप्पा मारत, थोडं ह्यातलं, थोडं त्यातलं. तुमी पण बसायचं आमच्यासंगं."

"मी? आन् वाढायचं कुणी?"

"वाढायचंच न्हाय."

वाढायचंच न्हाय म्हणे! भामाबाई तरातरा मागे गेल्या. उरलेल्या पिठाची भाकरी त्यांनी अशी थापली की परात चुलीपासून हातभर लांब सरकली.

दुपारी सगळे चटईवर बसले. नातू मल्हार बायकोशेजारी बसला, भाऊ भाऊ समोर. मध्ये ताटल्या. भामाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

कुणीच हात लावला नाही. आबाजींनी हात धुऊन बाही वर सारून ठेवली होती. गेणबा उसाच्या तोडीचं विचारत होता. प्रतिक्षा हसून कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. बटाट्यांची वाफ विरून गेली.

"घ्या की आबा."

"घेतो की. येऊ दे."

"काय?"

"जेवाण."

मल्हार खाली बघून पुटपुटला, "आबा, हेच जेवाण हाय."

गेणबानं मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! मी म्हणतोय, पोरगी भाकरीला थांबलीय. अगं, हे तर समदं तोंडी लावायचं हाय! जेवाण कुठंय?"

आबाजी हसले नाहीत. "माझ्या भावाला हितवर बोलावून कांद्याच्या फोडी दावतीस व्हय? असल्यावर कोण जेवतं का?"

प्रतिक्षानं मान खाली घातली आणि नीटच असलेली एक ताटली उगाच नीट केली.

भामाबाईंना बरं वाटायला हवं होतं. सकाळपासून त्याही हेच म्हणत होत्या. भाकरीची पाटी मागच्या दाराशी तयार होती. त्या चौकटीवरून हलल्या, पण चटईकडे.

"मी जेवलेय असल्यावर."

"आँ?" आबाजींनी वर पाहिलं.

"ह्याच घरात. तुमा सगळ्यांची ताटं उचलली की पातेल्यात रस्सा कुठला उरायचा? कांदा फोडायचा, ठेच्याचा खल पुसायचा, करपली भाकरी घ्यायची. तोंडी लावणंच जेवले मी. तवा कुणी इचारलं न्हाय, जेवाण कुठंय म्हणून."

"वहिनी," गेणबा चाचरला, "आता जुनं कशाला..."

"जुनं कुठलं? परवा तुमच्या नातीच्या लग्नाची सुपारी फुटली, तवा बी तिथं समद्यांना वाढून तेच जेवले. घरी येऊन."

गेणबानं मिशीवरून हात फिरवला.

भामाबाई गुडघे कडकडवत प्रतिक्षाशेजारी बसल्या. वांग्याची ताटली त्यांनी पुढ्यात ओढली. एक फाक पावावर ठेवून खाल्ली. तेल मनगटापर्यंत ओघळलं. वांगं चुलीत भाजल्यागत लागत होतं. दुसरा घास घेताना म्हणाल्या,

"मल्हार, शेडीत खताच्या गोण्या हायत. उद्या हलीव त्या."

मल्हारनं आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी गेणबाकडे. गेणबाच्या तोंडात बटाटा होता.

आबाजींनी नाक वर करून वास घेतला. "भाकरी केल्यात न्हवं का?"

"केल्यात."

ते वाढायची वाट बघत थांबले. भामाबाईंनी हरभऱ्यांची ताटली जवळ घेतली. प्रतिक्षा उठायला लागली, तसा त्यांनी आपला तेलकट हात तिच्या गुडघ्यावर दाबून ठेवला.

थोड्या वेळानं आबाजी स्वतःच उठून आत गेले. एक झाकण वाजलं, मग दुसरं. कसलीशी वाटी खाली पडून फिरत राहिली.

"कुठं ठिवल्यात गं?"

भामाबाईंनी डाळिंबाची ताटली दिराकडे सरकवली.

"खावा भावजी," त्या म्हणाल्या. "लाजू नगा."