पृथ्वीचा वेग वजा करून

आकाशातल्या जोड्या कधी फुटत नाहीत, असं नीळकंठ गंभीरपणे सांगत असे. खरं म्हणजे त्याने एकही फुटताना पाहिली नव्हती, एवढंच. घरातली फुटली तेव्हा तो गच्चीवर होता.

दिवसा तो गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात सुट्या पार्ट्सची मापं तपासायचा. रात्री नेहरू नगरच्या घराच्या गच्चीवर, दुर्बिणीतून, चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारणाऱ्या दोन ताऱ्यांचे वेग मोजायचा. तारा आपल्याकडे यायला लागला की त्याच्या प्रकाशातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जायला लागला की तांबड्याकडे. रेषा तो मोजायचा आणि कागद खाली बायकोकडे, मंजूषाकडे द्यायचा. पुढची आकडेमोड तिची. बारा वर्षं असं चाललं.

ऑक्टोबरात दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. कोर्टाने नियमाप्रमाणे सहा महिने दिले, ‘फिर से सोच लीजिए’ म्हणून. मंजूषा एम. पी. नगरात कोचिंगमध्ये गणित शिकवायची. तिने तिकडेच खोली घेतली. नीळकंठने सहा महिने विचार केला नाही, मोजत राहिला.

मार्चमध्ये त्याला शोध लागला. ती अख्खी जोडीच दर आठवड्याला जास्त वेगाने दूर जात होती. म्हणजे तिसरा, न दिसणारा तारा तिला ओढत होता. त्यावर त्याने शोधनिबंध लिहिला आणि पहिलं नाव मंजूषाचं घातलं. हे वाचून ती घटस्फोटावर सही करणार नाही, अशी त्याची खात्री होती.

एप्रिलमध्ये, कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी, तो निबंध घेऊन गेला. कोचिंगच्या स्टाफरूममध्ये तिने डबा बाजूला सारून तो त्याच्यासमोरच वाचला.

“आकडेमोड कोणी केली?”

“मीच. सोपी असते.”

“पृथ्वीचा वेग वजा केलास?”

नीळकंठ आकड्यांचा रकाना पुन्हा वरपासून बघू लागला.

“अरे, आपण सूर्याभोवती फिरतो. ऑक्टोबरात त्यांच्याकडे चाललो होतो, आता त्यांच्यापासून लांब. ते मी दर वेळी काढून टाकायचे.”

“कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस, खाली बसून मी काय करते ते?”

चूक तशीच सोडणं तिला जमेना. समासात एकेक आकडा तिने दुरुस्त केला. सहाही महिने एकच वेग निघाला.

“ते कुठे गेलेच नाहीत, नीळकंठ. सरकत होतो ते आपण.”

“आणि तिसरा तारा?”

“वकीलही हेच विचारत होते, तिसरं कोणी आहे का. त्यांनाही मी नाहीच म्हणाले.” तिने निबंधावरचं आपलं नाव खोडलं. “उद्या सकाळी अकराला कोर्टात आधार कार्ड घेऊन ये. मागच्या वेळी विसरलास.”

अकराला त्याने आधार कार्ड नेलं. सह्यांना सात मिनिटं लागली.