बिनहॉर्नची गाडी

दत्तारामने पंचवीस वर्षं मुंबईत टॅक्सी हाकली आणि गावी येताना दोन गोष्टी आणल्या: एक जुनी गाडी, आणि गाडीतलं आपल्याला सगळं कळतं ही मिजास. मागच्या साली हीटरची नळी गळायला लागली, तर पठ्ठ्याने ती काढूनच टाकली. कोकणात हीटर कोणाला लागतो? पुढे पोलादपूरच्या हैबती मेकॅनिकने बजावलं, "काका, एसी लावला की इंजिनचा पंखा जोरात फिरायला पायजे. तुमचा बंदच पडतोय. त्याला करंट देणारी काळी डबी, रिले, जळलाय, बदलून घ्या."

"मग एसी लावायचाच नाय, झालं!" म्हणत दत्ताराम घरी आला.

आता जुलैच्या भर दुपारी, आंबेनळी घाटात, त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. मागच्या सीटवर सून अंकिता कळा देत होती. मूल पोटात आडवं होतं. कळा सुरू झाल्या की एक मिनिट थांबू नका, सरळ महाड गाठा, ऑपरेशनच करावं लागेल, असं डॉक्टरीण बाईंनी सांगून ठेवलेलं. मुलगा यशराज मुंबईत. रुग्णवाहिका यायला दीड तास. म्हणून याने गाडी काढली, आणि वाडीपासून घाटरस्त्यापर्यंतचा चढ चढता चढता काच आतून पांढरीफटक झाली, आणि ती सुकवायला हीटर नव्हता. एसी लावला तर काच निवळली, पण इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली. एसी बंद केला तर पुढचं वळण दिसेना. शेजारी बसलेली त्याची बायको ठकूबाई पदराने काच पुसायची, तेवढ्यात परत धुरकट.

"अवो, काय तरी करा! पोरगी जाईल हातची!" ठकूबाई रडकुंडीला आली.

दत्ताराम पावसात उतरला. बॉनेट उघडलं. अडचण आली तर हॉर्नचा रिले उपटून पंख्याच्या जागी बसवा, दोन्ही सारखेच असतात, असंही हैबतीने सांगितलं होतं. कधी नव्हे ते त्याने दुसऱ्याचं ऐकलं. हॉर्नची काळी डबी उपटून पंख्याच्या खाचेत दाबली, एसी लावला, आणि पंखा घोंघावत सुटला. काटा हळूहळू खाली आला.

पण हॉर्न गेला. समोर धुकं असं की बॉनेटच्या पुढे काय ते दिसेना, आणि प्रत्येक वळणावर पलीकडून काय येतंय ते देवालाच ठाऊक!

त्याने काच खाली केली आणि वळणावळणाला "हो ऽ हो ऽ" करून बोंब मारली. पावसाच्या आवाजात ती विरून गेली. ठकूबाईही ओरडली, पण दम्याची बाई ती, तिसऱ्या वळणालाच तिचा घसा बसला. दत्तारामने आरशात पाहिलं. अंकिताने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे बाहेर आलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

त्याला आठवलं. लग्नानंतर आठवड्याभरात पोरगी एकदा मोठ्याने हसली होती, तेव्हा तोच खेकसला होता, "आमच्यात बायकांचा आवाज ओटीवर येत नाय!" दोन वर्षं झाली, त्याने तिचा आवाज पुन्हा ऐकलाच नव्हता.

"पोरी, काढ तो बोळा! ओरड! पाया पडतो तुझ्या, ओरड!"

अंकिताने बोळा काढला आणि अशी किंकाळी फोडली की अख्खा घाट दणाणला. पुढच्या वळणावर परत, त्याच्या पुढच्याला परत. एका वळणाला डोंगराच्या कडेला चिकटून दुधाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"बाईमाणूस ओरडलं म्हणून थांबलो, नायतर आलोच होतो अंगावर! हॉर्न नाय काय तुमच्याकडं?"

दत्तारामने मागच्या सीटकडे बोट दाखवलं आणि गाडी पुढे काढली.

पोलादपूर मागे पडलं आणि अंकिता एकदम गप्प झाली. ते गप्प होणं त्याला घाटापेक्षा भयंकर वाटलं. "बोल गो काय तरी. शिव्या दे मला, हव्या तेवढ्या दे," तो महाड येईपर्यंत रडत, गाडी हाकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत सोडलं. नात झाली होती. दोघी वाचल्या होत्या. अंकिताचा घसा पार गेलेला. पोर मात्र टाहो फोडत होती. सासरा दारात दिसला तशी अंकिता दचकली, आणि सवयीने तिचा हात बाळाच्या तोंडाकडे गेला.

"हात काढ, पोरी," दत्ताराम म्हणाला. "ओरडू दे तिला."